गावागावांत चाळणी कशाला?

लातूरपासून हिंगोलीपर्यंतच्या सोयाबीन पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपन्यांची, वानवा नाही. रस्त्याकडेला फलक दिसतो, मागे पत्र्याची शेड असते, शेडमध्ये अनुदानातून आलेले स्वच्छता-प्रतवारीचे यंत्र असते, आणि वर्षातले बहुतेक दिवस त्या यंत्रावर ताडपत्री असते. याचा दोष संचालकांच्या आळसाला देणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. कामाचा हिशेबच बसत नाही.

पाचशे सभासदांची कंपनी घ्या. सरासरी तीन एकर सोयाबीन आणि कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरले, तर सभासदांचा एकूण माल ९,००० क्विंटल होतो. त्यातला तिसरा हिस्सा कंपनीच्या दारात आला तरी ती कंपनी चांगली चालली असे म्हणावे लागेल. म्हणजे ३०० टन. ताशी दोन टनांचे यंत्र, वीज जाणे, पोती लावणे, जाळ्या बदलणे हे धरून, दिवसाला सहा तास खरे चालते. रोजचे १२ टन. पंचविसाव्या दिवशी सोयाबीन संपते. तूर आणि हरभऱ्याचे आणखी पंधरा दिवस. चाळीस दिवसांच्या कामासाठी कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, राखणदार आणि विमा मात्र बारा महिने. हाच माल दहा कंपन्यांनी एका ठिकाणी आणला तर ताशी पाच टनांचे एकच यंत्र पुरते. रोज ३० टन या वेगाने त्याला सोयाबीनचे शंभर आणि तूर-हरभऱ्याचे साठ दिवस काम मिळते.

आकडे मानलेले आहेत, तालुका बदलला की बदलतील. पण चाळीस आणि एकशे साठ यांच्यातले अंतर कोणत्याही तालुक्यात मिटणार नाही. म्हणून मागणी सरळ आहे. कंपन्यांनी स्वतंत्र शेड आणि स्वतंत्र यंत्रे उभारणे थांबवावे, आणि आठ-दहा कंपन्यांच्या मालकीचे एक सामायिक व्यवसाय केंद्र तालुक्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या बाजाराच्या गावी उभे करावे. सरकारनेही अनुदान एकेका कंपनीच्या नावाने वाटण्याऐवजी अशा केंद्राला द्यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक प्रकल्प अहवाल नेमके तिथेच घसरतात. ते यंत्रापासून सुरू होतात. सोयाबीनच्या बाबतीत यंत्र सर्वांत शेवटी यायला हवे.

तेल काढणाऱ्या प्लांटचा सौदा १०-२-२ या हिशेबाने होतो: ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २ टक्के, डागी दाणा २ टक्के. त्यापेक्षा जास्त असेल तेवढी काट. प्लांटच्या दारात स्वतःची चाळण यंत्रणा असतेच, त्यामुळे दोन टक्क्यांच्या आत आणलेला माल आणखी चकचकीत करून दिल्याचे जादा पैसे प्लांट देत नाही. समजा, माल १३ टक्के ओलाव्याचा आणि ४ टक्के कचऱ्याचा आहे. क्विंटलला ४,५०० रुपये दर धरला तर पाच टक्के काट म्हणजे २२५ रुपये. शेतकऱ्याला वाटते, वाळवून आणि चाळून नेला की हे २२५ रुपये वाचले. पण १३ वरून १० टक्क्यांवर येताना १०० किलोचे ९६.६७ किलोच उरतात, आणि चाळलेला कचराही वजनातून जातो. म्हणजे काट प्लांटने केली काय किंवा घरी झाली काय, फरक थोडाच पडतो, त्यातून वाळवण्याची मजुरी वजा करायची.

मग शेतकऱ्याचे पैसे जातात कुठे? अंदाजाने लावलेल्या काटीत. बाजाराच्या भाषेत ओलाव्याला ‘हवा’ म्हणतात. मूठभर दाणे हातात घेऊन, एखादा दाताखाली फोडून ‘हवा चौदा आहे’ असे सांगितले जाते आणि त्यावर दर ठरतो. खरी हवा साडेबारा असली, तर दीड टक्का, म्हणजे क्विंटलला सुमारे ६७ रुपये, तिथेच गेले. त्यात पोत्यामागे किलोभर जादा वजन, हमाली, तोलाई, बारदान्याची वजावट. ३० क्विंटलच्या ट्रॉलीवर ही रक्कम दोन-तीन हजारांवर सहज जाते. ती वाचवायला लाखोंचे यंत्र लागत नाही. खरा काटा, खरा मीटर आणि छापील पावती पुरते.

तेही वाटते तितके सोपे नाही. हातातला आर्द्रतामापक दाण्याच्या विद्युत गुणधर्मावरून आकडा देतो, त्यामुळे दाणा तापलेला असेल तर आकडा चुकतो. उन्हातून आलेल्या ट्रॉलीतला नमुना लगेच मीटरमध्ये घातला, तर दुपारचे आणि संध्याकाळचे वाचन जुळत नाही आणि तिथेच भांडण लागते. नमुना सावलीत थंड होऊ द्यायचा. एकाच पोत्यातून घ्यायचा नाही. पोकळ सळईने दर दहा पोत्यांमागे किमान तीन पोती टोचायची, वरून, मधून, तळातून. तो नमुना एकत्र करून तीन वेळा मोजायचा आणि सरासरी धरायची. दोन पिशव्या मोहोरबंद करायच्या: एक शेतकऱ्याकडे, एक केंद्राकडे. प्लांटने वेगळा आकडा काढला तर दाखवायला काहीतरी हातात राहते. आठवड्यातून एकदा केंद्राचा मीटर प्रयोगशाळेतल्या भट्टीच्या पद्धतीशी (नमुना वाळवून वजनातली घट मोजणे) पडताळायचा. दहा गावांत दहा वेगळ्या कंपन्यांचे मीटर असतील, तर त्यांच्यात टक्का-दीड टक्क्याचा फरक राहणारच. शेतकरी जिथे कमी आकडा दिसेल तिथे जाईल, आणि प्रामाणिक मीटर ठेवणारी कंपनी रिकामी बसेल. सगळे मीटर एकाच ठिकाणी पडताळणे हे एकट्या कंपनीला जमणारे काम नाही. भुईकाट्याचेही तसेच. वैधमापनशास्त्र विभागाची वार्षिक पडताळणी आणि शिक्का असलेला काटा हवा, आणि वजनाचा आकडा शेतकऱ्याला बाहेरून दिसेल अशा मोठ्या फलकावर हवा.

आता पैशाकडे येऊ. कंपन्या बंद पडतात त्या बहुतेक इथेच.

एका मोठ्या ट्रकमध्ये २५ टन सोयाबीन बसते. ४,५०० रुपयांच्या दराने त्याची किंमत ११ लाख २५ हजार. पाचशे सभासदांनी प्रत्येकी हजार रुपये भरले, तर भागभांडवल पाच लाख. २०२० मध्ये सुरू झालेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान मिळते, पण ते सभासदांनी भरलेल्या रकमेइतकेच. म्हणजे आणखी पाच लाख. दोन्ही मिळून दहा लाखांत एक ट्रकसुद्धा भरत नाही. प्लांट पैसे आठवडाभराने देतो असे धरले आणि रोज एक ट्रक पाठवला, तर आठ दिवसांत ९० लाख रुपये अडकतात. गावातला आडत्या मात्र संध्याकाळी रोख मोजतो, पेरणीला उचल देतो, दवाखान्यासाठी रात्री दोन वाजता दार उघडतो. त्याला नावे ठेवून कंपनी चालत नाही. तो जी सेवा देतो तिच्या जवळपास पोहोचावे लागते.

दहा कंपन्यांचे एकत्र केंद्र इथे दोन गोष्टी करू शकते. पहिली, खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे एकच खाते, एकच ताळेबंद आणि एकत्र उलाढाल घेऊन जाणे. दहा लाखांच्या दहा कंपन्यांना बँक दहा वेळा नाही म्हणते. एक कोटी भांडवलाच्या आणि तीन हंगामांच्या स्वच्छ हिशेबाच्या केंद्राशी ती निदान बोलते. दुसरी, पैसे दोन टप्प्यांत देणे. प्लांटचे दर रोज सकाळी मोबाईलवर येतात. त्यातून वाहतूक आणि केंद्राचे ठरलेले शुल्क वजा करून दाराचा दर फलकावर लिहायचा. माल उतरला की त्याच दिवशी ८० टक्के रक्कम, आणि उरलेली प्लांटचा हिशेब आल्यावर, प्लांटच्या पावतीच्या प्रतीसह. केंद्राने पहिली दोन वर्षे स्वतःच्या नावाने माल विकत घेऊ नये, शुल्कावर काम करावे. दराची पैज लावून खरेदी केलेल्या एका ट्रकचा भाव उलटला की वर्षाचे उत्पन्न जाते.

पैसे खात्यात द्यायचे म्हटले की आणखी एक अडचण येते, जी अहवालांत कधी लिहिलेली नसते. पीककर्ज थकले असेल तर बँक खात्यावर होल्ड लावते, आणि सोयाबीनचे पैसे जमा झाले तरी शेतकऱ्याला काढता येत नाहीत. म्हणून तो रोख मागतो, आणि रोख मिळते आडत्याकडे. केंद्राने सभासदनोंदणीच्या वेळीच कर्ज नसलेल्या बँकेतले खाते मागावे, नसेल तर उघडून द्यावे. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये होते. ऑक्टोबरात ट्रॉली दारात उभी असताना होत नाही.

साठवणुकीबद्दल मोठी स्वप्ने दाखवली जातात, तीही जरा मोजून घ्यावीत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांच्या मुदतीसाठी, वार्षिक सहा टक्के व्याजाने. नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती असेल तर बँकाही कर्ज देतात. ४,५०० रुपयांच्या क्विंटलवर ३,३७५ रुपये कर्ज, चार महिन्यांचे व्याज साधारण ६८ रुपये. १२ टक्के ओलाव्याने ठेवलेला माल १० वर आला, की वजनात सव्वादोन टक्के तूट, म्हणजे शंभर रुपये. त्यावर गोदामभाडे, विमा, धुरीकरण, दोनदा हमाली. म्हणजे दर क्विंटलमागे निदान दोनशे-अडीचशे रुपये वाढल्याशिवाय थांबण्यात फायदा नाही. आणि सोयाबीनचा दर लातूरच्या हातात नाही. ब्राझीलचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले आणि मे २०२५ मध्ये पुन्हा १६.५ टक्क्यांवर आले. सोयाबीनच्या वायद्यांवर डिसेंबर २०२१ मध्ये बंदी आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली, त्यामुळे पुढचा भाव बांधून ठेवण्याचे साधनही हातात राहिले नाही. या परिस्थितीत सगळा माल थांबवायला सांगणे शेतकऱ्याशी अन्याय आहे. तिसरा हिस्सा ठेवावा, दोन हिस्से विकावेत, आणि ठेवणाऱ्याला वरचा हिशेब आधी कागदावर दाखवावा.

सामायिक केंद्राचा विषय निघाला की दोन उदाहरणे हटकून दिली जातात: नाशिकजवळच्या मोहाडीची शेतकरी कंपनी सह्याद्री फार्म्स आणि १९९१ पासून द्राक्षनिर्यात करणारी महाग्रेप्स. दोन्ही कौतुकास पात्र आहेत. पण द्राक्षाला थांबता येत नाही. पूर्वशीतकरण आणि शीतगृह नसेल तर माल सडतो, कीडनाशकाच्या उर्वरित अंशाची तपासणी झाली नाही तर युरोपात उतरत नाही. त्यामुळे बागाईतदाराला केंद्राची शिस्त पाळावीच लागते. उसाचेही तेच. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची दृष्टी होती, आणि तोडलेला ऊस तासागणिक साखरेचा उतारा गमावतो हे वास्तवही होते. सोयाबीन पोत्यात भरून ठेवता येते, आज याला, उद्या त्याला विकता येते. सभासदाला बांधून ठेवणारे पिकात काही नाही. धान्याच्या केंद्राला सभासदाची निष्ठा रोज सकाळी काट्यावर कमवावी लागते. म्हणूनच सह्याद्रीची इमारत पाहून आलेल्या संचालकांनी तसे शीतगृह मागितले की मन खट्टू होते. तिथून आणायचे ते रोजच्या नोंदींचे वळण.

मालकी कशी असावी? कायद्याने वाट करून ठेवली आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली आणि आता २०१३ च्या कंपनी कायद्यात प्रकरण २१-क मध्ये आहे. दहा शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात, तशाच दोन किंवा अधिक उत्पादक संस्थाही काढू शकतात. सभासद फक्त संस्था असतील, तर मतदानाचा हक्क आदल्या वर्षीच्या व्यवहारातल्या सहभागावर ठरवता येतो. पहिल्या वर्षी तो भागभांडवलावर असतो. ज्या कंपनीने माल आणला तिचा आवाज मोठा. हे सूत्र नियमावलीत पहिल्या दिवशी लिहावे, आणि कमाल मर्यादाही घालावी, म्हणजे एखादी मोठी कंपनी निम्मी मते घेऊन बसणार नाही. व्यक्ती आणि संस्था यांचे मिश्र सभासदत्व ठेवले, की प्रत्येकाला एक मत होते आणि हे सूत्र हातचे जाते.

केंद्र मोठे झाले की तालुक्याचा पुढारी ते ताब्यात घेईल, ही भीती खरी आहे. साखर कारखान्यांचा आणि बाजार समित्यांचा अनुभव ताजा आहे. पण लहान कंपन्या त्यातून सुटल्या आहेत असे नाही. तिथे अध्यक्षाचा भाऊ व्यापारी असतो आणि गोदाम अध्यक्षाच्याच शेतात असते. अनुदानातून बांधलेली इमारत संचालकाच्या खासगी जमिनीवर असली, की भांडण झाल्यावर कुलूप त्याचे आणि हप्ता कंपनीचा. केंद्रासाठी जागा बाजार समितीची, वखार महामंडळाची किंवा पूर्ण त्रयस्थाची भाड्याने घ्यावी, नोंदणीकृत करार करून. धान्याचा व्यापार करणारा किंवा ज्याच्या घरात तो होतो असा माणूस संचालक मंडळात नसावा. कायद्याप्रमाणे पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचाच असावा लागतो. ही तरतूद सर्रास मोडली जाते. अध्यक्षाचा मुलगा त्या खुर्चीत बसतो.

मोडली जाते त्याला पैसा हेही कारण आहे. केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते, त्यात अधिकाऱ्याचा पगार महिना २५,००० पर्यंत. या पगारात धान्याचा व्यापार, बँक, करार आणि माणसे सांभाळणारा माणूस मिळत नाही. मिळालाच तर चौथ्या वर्षी जातो. दहा कंपन्यांचे पैसे एकत्र केले, तर एक अनुभवी व्यवस्थापक, एक पक्का हिशेबनीस, एक प्रतवारी करणारा तंत्रज्ञ आणि अर्धवेळ कंपनी सचिव परवडतो. कागदपत्रांची बाजू किरकोळ समजू नये. वार्षिक ताळेबंद आणि विवरणपत्र वेळेत भरले नाही तर प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये जादा शुल्क लागते. सलग तीन वर्षे राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. कित्येक कंपन्यांच्या संचालकांना हे कळते ते बँकेने कर्ज नाकारल्यावर.

गावातल्या कंपन्या मोडायच्या नाहीत. शेतकरी २० क्विंटल माल घेऊन ४० किलोमीटर येणार नाही, दिवस मोडतो. गावातल्या कंपनीने इलेक्ट्रॉनिक काटा, पडताळलेला मीटर आणि शिवलेली पोती घेऊन माल गोळा करावा, ट्रॉली पूर्ण भरली की पाठवावी. गुजरातेत दुधाचे असेच चालते: गावात संकलन, जिल्ह्यात प्रक्रिया, राज्यात विक्री. गावाने प्रक्रिया करायची नाही आणि केंद्राने गावातला सभासद थेट ओढायचा नाही, एवढी सीमा करारात असावी.

आणि यंत्र? ते तिथे लागते जिथे दाण्याला किंमत आहे. डाळमिलला जाणारी तूर, पाकीटबंद हरभरा, आणि सर्वांत जास्त बियाणे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींनी राज्य हादरले होते. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त असले, पोते उंचावरून आपटले, थप्पी फार उंच रचली, की अंकुर दुखावतो आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. एकरी ३० किलो धरले तर तालुक्याची गरज केवढी होते, हे कुणीही मोजू शकेल. त्या कामाला ग्रॅव्हिटी सेपरेटर (हलके आणि भारी दाणे वेगळे करणारे यंत्र) हवा, वेगळी थप्पी हवी, शंभर दाण्यांची उगवण चाचणी घेणारा माणूस हवा. हे दहा गावांत दहा वेळा उभे राहणार नाही.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. जूनमध्ये कंपन्यांनी करार करावा, प्रत्येकीने किती क्विंटल आणणार ते लिहून द्यावे आणि त्या मापाने अनामत भरावी. ऑगस्टमध्ये गोदाम भाड्याने घ्यावे, सप्टेंबरात काट्याला शिक्का मारून घ्यावा आणि सगळे मीटर एका टेबलावर ठेवून जुळवावेत. ऑक्टोबरात माल घ्यायला सुरुवात करावी. पहिल्या हंगामात बांधकाम करू नये, यंत्र घेऊ नये, अनुदानाचा अर्जही करू नये. हंगाम संपल्यावर एक आकडा काढावा: ऑक्टोबरात सोयाबीन घातलेल्यांपैकी किती शेतकरी फेब्रुवारीत तूर घेऊन परत आले. निम्म्याहून जास्त आले असतील, तर यंत्राची किंमत विचारायला हरकत नाही.